दोन तास कॉईल

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातला तो दिवस आमच्या घरातला शेवटचा साधा दिवस. साधा म्हणजे, आबांना, माझ्या वडिलांना, जनावराचं हाड बसवायला बोलावणं आलं आणि ते गेले. त्यानंतर ते साडेपाच महिने जगले, जेवले, खोकले, पावसाळ्यात बांधावरही गेले. पण गावातून पुन्हा बोलावणं आलं नाही. म्हणून मी तो दिवस शेवटचा धरते.

साल पंचाण्णव. वडखळच्या नाक्यावरून खाडीच्या अंगाला उतरलं की आमचं गाव. सकाळी आबा ओट्यावर बसून बांबूच्या कामट्या तासत होते. मी सुट्टी लागायच्या आधीचे पेपर तपासत होते. तेवढ्यात शेजारच्या आळीतला मोरू आला. पळत आला होता, पण ओट्यापाशी आल्यावर चालत आल्यासारखं करू लागला.

"दाजीबाबा, पारडी उघडीत गेली."

खाडीचं पाणी शेतात घुसू नये म्हणून बांधात लाकडी दार असतं, त्याला उघडी म्हणतात. तिच्या दोन फळ्यांच्या फटीत पारडीचा पुढचा पाय गेला होता आणि तिनं अंग टाकलं होतं.

"मंग?" आबा म्हणाले.

"पाय मोडला."

आबांनी कोयता खाली ठेवला. "काय झाला?"

मोरू ओशाळला. "रुसला."

"हां. तिच्यासमोर बोलला नायस ना?"

"नाय."

आबांचा तो नियमच होता. जनावराच्या कानावर मोडला हा शब्द पडू द्यायचा नाही, पाय रुसला म्हणायचं. रुसलेल्याची समजूत घालता येते. चाळीस वर्षं चार-पाच गावांतले लोक त्यांच्यासमोर हा शब्द जपून वापरत आले. मी बी.एड. झालेली, वडखळच्या हायस्कुलात शिकवणारी, दर शनिवारी पेणच्या वाचनालयातून पुस्तकं आणणारी. मला त्या शब्दाची लाज वाटायची. शाळेतल्या कुणासमोर आबा तसं बोलले तर मी विषय बदलत असे.

अंडी आणि उडदाचं पीठ घेऊन मी त्यांच्या मागून गेले. पारडी गोठ्यात पेंढ्यावर पडली होती. अडीच वर्षांची तरणी म्हैस, पहिलारू, साडेचार महिन्यांची गाभण. मोरूची आई बायजाकाकी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. पाय गुडघ्याखाली, नळीच्या हाडात गेला होता आणि खूर भलतीकडे बघत होता.

"दाजी, जाईल का रं ती?"

"कुठं जातेय? तीन पाय हायत तिला अजून." आबा खाली बसले. "चौघंजण धरा. जोरानं नको. पोटावर कोण बसला तर मी त्याला लाथ मारीन."

ते डोळे मिटून नळीवरून अंगठा फिरवत राहिले. वरून खाली, पुन्हा वरून खाली. त्या वेळी त्यांचा चेहरा अगदी मूर्ख दिसायचा, काही आठवत नसलेल्या माणसासारखा. मग त्यांनी खुराच्या वरच्या सांध्याला धरून पाय सावकाश ओढला, तसाच ओढून धरला आणि दुसऱ्या हाताचा अंगठा एका जागी दाबला. ओला कपडा पिळल्यासारखा आवाज झाला. पारडीनं मान टाकली.

"बसला," आबा म्हणाले.

कुटलेली कांडवेल, उडदाचं पीठ आणि अंड्याचा बलक काढून उरलेलं पांढरं, यांचा लेप. त्यावर जुन्या लुगड्याच्या पट्ट्या. त्यावर कामट्या, गुडघ्याच्या वरपासून खुरापर्यंत, मापून कापलेल्या. वरून काथ्याची दोरी. आढ्याला गोणपाटांची झोळी बांधून पारडीचा पुढचा भार तिच्यात घेतला. दोन तास लागले. आबांच्या सदऱ्याची पाठ भिजली होती. बायजाकाकीनं पाणी पुढं केलं, त्यांनी हात हलवला. पाय जुळेपर्यंत त्या घरचं पाणी ते घेत नसत.

"पंचेचाळीस दिवस," ते म्हणाले. "दोरी ढिली झाली तर मना बोलवायचं. स्वतः हात लावायचा नाय."

हे सगळं मी पाहिलं होतं. पुढं जे झालं त्यात ही एक गोष्ट कुणी माझ्याकडून काढून घेऊ शकलं नाही, की मी तिथं उभी होते आणि अंड्याची टरफलं माझ्या हातात होती.

तिसऱ्या दिवशी माझा भाऊ प्रविण जीप घेऊन आला. तो रोह्याच्या एका कंपनीत शिफ्टला. कंपनीच्या मदतीनं एका ट्रस्टनं तिकडं जनावरांचं शिबिर सुरू केलं होतं आणि त्याचे डॉक्टर त्याच्या शेजारच्या बाकावर नाष्टा करत, एवढ्या ओळखीवर प्रविणनं त्यांना आणलं होतं. प्रणित डॉक्टर. तरुण, स्वच्छ, बोलायला फार मऊ. जीपमधून त्यांनी एक पत्र्याची पेटी उतरवून घेतली. पेटीला दोन वायरी आणि वायरींच्या टोकाला रबरात मढवलेली दोन कडी, परातीएवढी.

गोठ्यात गर्दी झाली. डॉक्टरांनी कामट्या बघितल्या, बोटानं टकटक केलं, पायाची रेघ डोळ्यानं मापली.

"कोणी बांधलं हे?"

"आमच्या आबांनी," प्रविण म्हणाला. दुसऱ्याच्या वतीनं माफी मागावी तसा.

"बरं केलंय. असू दे, आधाराला." मग ते सगळ्यांकडे वळून बोलू लागले. मोडलेल्या हाडाभोवती विजेनं चुंबकाचं क्षेत्र तयार करायचं. ते क्षेत्र कातडीतून, पट्टीतून, बांबूतूनसुद्धा आत जातं, हाडाच्या पेशींना जागं करतं. परदेशात शर्यतीच्या घोड्यांना हेच लावतात. मोडलेलं हाड लवकर जुळतं.

मोडलेलं हा शब्द त्यांनी पाच-सहा वेळा वापरला. दर वेळी म्हातारी माणसं आबांकडे बघत आणि आबा पारडीच्या कानांकडे.

डॉक्टरांनी दोन्ही कडी पायाच्या दोन बाजूंना पट्ट्यानं बांधली आणि बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. बाकी काही झालं नाही. आबा पुढं झाले आणि त्यांनी आपला हात दोन कड्यांच्या मधे घातला.

"लागत काय नाय."

"लागणार नाही काका. पण आत काम चालू असतं."

"भायेरून काय दिसत नाय, हाताला काय लागत नाय, नि आत काम चालू हाय." आबांनी हात काढून घेतला. "आमच्या पंचायतीत पन असलंच बसवलंय जणू."

लोक हसले. डॉक्टरही हसले. मी हसले नाही. मला वाटलं, एक माणूस शिकून, पुस्तकं वाचून, इतक्या लांबून आला आहे आणि आम्ही त्याला हे देतो आहोत.

"आबा, हे खरं आहे," मी सगळ्यांसमोर म्हणाले. "हाडात मुळातच थोडी वीज असते. मी वाचलंय."

आबांनी माझ्याकडे बघितलं. "वाचलंस?"

"हो."

"मंग बरोबर असंल," ते म्हणाले आणि गोठ्याबाहेर गेले.

हे मी अजूनही खोटं म्हणत नाही. नंतर मिळेल ते वाचून काढलं आहे, त्या यंत्रामागचं शास्त्र टाकाऊ नाही. पण त्या दिवशी मी शास्त्रासाठी बोलले नव्हते. मी कुणाच्या बाजूची आहे ते डॉक्टरांना कळावं म्हणून बोलले होते. त्यांना ते कळलं. त्यांनी बॅगेतून छापील तक्ता काढून माझ्या हातात दिला. रोजची एक ओळ, तारीख, वेळ, सही.

मग ते बायजाकाकीकडे वळले. "आजी, आता हे दाखवण्यापुरतं झालं. रोज संध्याकाळी दोन तास कॉइल लावायची. एकही दिवस चुकवायची नाही."

"दिवाबत्ती झाल्यावर?"

"चालेल."

"नि दोन तासांनी इझवायची?"

"हो, बंद करायची. मशीन मात्र जपा. पाणी लागलं किंवा जनावराची लाथ बसली तर ते गेलंच."

बायजाकाकीनं विचारलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं. आमच्याकडे विजेचा दिवाही विझवतातच, तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

पुढचे तीन आठवडे माझं काम सोपं होतं. संध्याकाळी विहिरीवर जाताना मी मोरूच्या दारावरून हाक मारायची, "काकी, कॉइल लावली?" आतून आवाज यायचा, "लावली गो." घरी येऊन मी लिहायचे, सात ते नऊ, सही. मोरू टेम्पोवर असायचा, उशिरा यायचा. शिबिराचा कंपाउंडर आठवड्यानं येई, पण गोठ्याऐवजी आमच्याकडे येऊन पंख्याखाली बसे, चहा घेई, तक्ता बघे आणि म्हणे, "बाई, अक्षर काय सुंदर तुमचं." आबा दर तीन दिवसांनी कामट्या बघायला मोरूकडे जात. परत आले की हातपाय धुवत आणि काही बोलत नसत. मीही विचारत नव्हते.

बाविसाव्या दिवशी प्रविणचा निरोप आला, डॉक्टर फोटो काढायला येणार आहेत, गोठा बरा आहे ना बघून ये. मी दिवे लागल्यावर गेले. पारडी झोळीत रेलून रवंथ करत होती. तिच्या बांधलेल्या पायापासून हातभर अंतरावर, पालथ्या वाटीवर, पत्र्याच्या टाचेवर खोचलेली हिरवी कॉईल जळत होती. डासांची.

यंत्र कुठंच नव्हतं.

"काकी, मशीन?"

"माळ्यावर हाय. गोधडीत गुंडाळून ठेवलाय. डाक्टर बोलला ना, जपा म्हणून. उंदराच्या भयानं वरती परात झाकली हाय." मग तिनं कोनाड्यातून पत्र्याचा डबा काढून माझ्यापुढं धरला. डब्यात अर्ध्या-मुर्ध्या कॉईली नीट रचून ठेवल्या होत्या. "दोन तास झाले की इझवते. उरलेली पुन्हा नाय लावत, रोज नवी. दवा हाय, शिळी कशाला? वडखळच्या दुकानवाला इचारतो, काकी एवढ्या कॉईली, डास पाळलेत का?"

गोठ्यात खरोखरच एक डास नव्हता.

"हीच ना गो कॉईल?" काकीनं विचारलं. "का दुसऱ्या कुठच्या कंपनीची पायजे होती?"

तिला कसलीतरी शंका आली होती. तिचा चेहरा परीक्षेत बसलेल्या मुलीसारखा झाला होता. बावीस दिवस रोज दोन तास ती त्या धुरात बसली होती.

"हीच," मी म्हणाले.

घरी येऊन मी तक्त्यावर लिहिलं, सात ते नऊ. सही केली. आधीच्या एकवीस ओळी मी चुकून लिहिल्या होत्या. बाविसावी मी लिहिली.

तेव्हा मी स्वतःला सांगितलं की म्हातारीचं हसं होईल, गावात तोंड दाखवणं मुश्किल करतील तिचं. हे खरंही होतं. पण मी तक्ता फाडू शकले असते, डॉक्टरांना कोपऱ्यात घेऊन सांगू शकले असते. मला भीती माझं हसं होण्याची होती. आबा काय म्हणतील ते मला ऐकू येत होतं: "वाचलंस ना तू?" एवढंच म्हणाले असते. तेवढं मला नको होतं. म्हणून आणखी तेवीस ओळी लिहिल्या.

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात कामट्या सोडल्या. डॉक्टर आले, प्रविण आला, फोटोवाला आला. आबांनी कोयत्याच्या टोकानं दोरी कापली, लेप भिजवून सोडवला, झोळी उतरवली. पारडी उभी राहिली. पाय बारीक झाला होता, केस चिकटले होते, पण नळी सरळ. तिनं तो पाय टेकला, उचलला, पुन्हा टेकला आणि सरळ दारातल्या गवताकडे चालत गेली. बायजाकाकी पदर तोंडात घालून रडली. मग आत जाऊन तिनं आबांना तांब्याभर पाणी आणून दिलं आणि त्यांनी ते तिथंच उभ्यानं प्यायलं.

यंत्र तिनं सकाळीच माळ्यावरून उतरवून पुसून ठेवलं होतं. "घ्या बाबा तुमची ठेव. जशीच्या तशी हाय."

"बघा," डॉक्टर प्रविणला म्हणाले, "शिकलेली माणसं आदळआपट करून ठेवतात. या आजींनी दीड महिना वापरून एक ओरखडा नाही."

फोटो काढला तेव्हा पेटी मधे, डॉक्टर एका बाजूला, बायजाकाकी दुसऱ्या बाजूला. आबा लेपाचं घमेलं धूत होते. त्यांना कुणी हाक मारली नाही. मीही नाही.

डॉक्टरांचा अहवाल इंग्रजीत होता. रोह्याच्या कार्यक्रमात वाटायला त्याचं मराठी करायचं काम माझ्याकडे आलं. मला ते आवडलंही, हे लपवून काय करू. आबांचा उल्लेख त्यात एका ओळीत होता आणि मी तिचं भाषांतर चोख केलं: बाह्य आधार, बांबूच्या कामट्या. रोह्याला बायजाकाकीला शाल मिळाली. मला सहकार्याबद्दल प्रमाणपत्र. प्रविणनं छापील अहवाल घरी आणून आबांना दिला. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला, सावकाश, ओठ हलवत.

"अनिता, बाह्य म्हंजी?"

"बाहेरचा."

"हां," ते म्हणाले. "बाहेरचा." कागदाची घडी घालून त्यांनी तो खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी कोयत्याला धार लावून पुसायला त्यांनी तोच काढला.

जुलैत, लावणीच्या दिवसांत, आमच्या मागच्या आळीतल्या गुणाजीच्या बैलाचा मागचा पाय चिखलात मुरगळून नळीत गेला. गुणाजी आमच्या ओट्यासमोर प्रविणच्या ओळखीची चिठ्ठी मागायला आला. आबा ओट्यावरच होते.

"दाजी, तुमास बोलावला असता," तो म्हणाला. "पन आता मशीनच हाय तर तुमास कशाला तरास?"

"नको ना तरास," आबा म्हणाले. "मशीनला दे."

बैल टेम्पोत घालून कोलाडवरून रोह्याला नेला. तिथं यंत्र खरोखर लागलं, रोज दोन तास, माणूस बसवून. पाय मात्र कुणी बसवला नाही. डॉक्टरांच्या समजुतीप्रमाणे आमच्या गावातल्या पारडीचं सगळं यंत्रानंच केलं होतं. वरून आधार पुरे. त्यांनी आधार दिला. ऑगस्टच्या शेवटी बैल परत आला. गुणाजी त्याला धरून दारात उभा राहिला. घरात कुणी गेलं की माणसं दारात येऊन उभी राहतात, तसा.

आबा खाली उतरले. नळीवरून अंगठा फिरवला. डोळे मिटले नाहीत.

"जुळलाय," ते म्हणाले. "चांगला घट्ट जुळलाय. वाकडा जुळलाय."

"मशीनमदी खोट होती काय?"

"मशीनची खोट नाय. त्यानं जोडायचं काम केलं. सरळ काय नि वाकडं काय ते त्याला कोण सांगणार?"

"आता?"

"आता काय नाय."

गुणाजी बैलाला घेऊन गेला. बैल वर्तुळात चालल्यासारखा चालत होता. चार दिवसांनी त्याला ट्रकमध्ये चढवलं. मी तेव्हा फळ्यावर कविता लिहीत होते. खिडकीतून ट्रक दिसला. मी बाविसाव्या दिवशी बोलले असते तर गुणाजी चिठ्ठी मागायला ओट्यासमोर उभा राहिला नसता. मुलं वहीत उतरवून घेत होती. मी उरलेल्या चार ओळी लिहिल्या.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी तीनच्या सुमाराला, आबा ओट्यावर बसल्या जागी गेले. मी शाळेतून आले तेव्हा आळीतल्या बायकांनी त्यांना आत घेतलं होतं. वडखळच्या डॉक्टरनं हृदय म्हणून सांगितलं. लोकांनी सोन्यासारखं मरण म्हणून सांगितलं. आठवडाभर लोक येत राहिले आणि चांगलं बोलत राहिले. पावसाळाभर ज्या ओट्यावर जनावरासाठी बोलवायला कुणी फिरकलं नव्हतं तिथं चपलांना जागा उरली नाही.

आठव्या दिवशी बायजाकाकी दुधाचा गडू घेऊन आली. पारडी व्याली होती. काकी माझ्याजवळ बसली, बराच वेळ पायाचं बोट चोळत राहिली.

"एक सांगू का गो?" ती म्हणाली. "दाजीनं बोलू नको म्हणून सांगितला होता. आता तो नाय."

"काय?"

"ती कॉईल. पयल्या आठवड्यातच मी त्याला इचारला. म्हटला, दाजी, हिरवी लावू का लाल? तो माझ्याकडं बघतच राह्यला. मंग माळ्यावर चढून ती पेटी बघून आला. खाली येऊन इतका हसला, इतका हसला, खोकला लागला त्याला. म्हणाला, लाव कुठचीपन, पारडीला डास तरी चावायचे नाय."

मी उठून दार लोटून घेतलं.

"मी बोलले, मंग अनिताला सांगते, ती रोज इचारते. तर लगेच गप झाला. म्हणाला, तिला नको सांगू. तिची सही हाय त्याच्यावर. चार माणसांत बोललीय ती, तिचा शबुद खाली पडेल." काकीनं गडू माझ्याकडे सरकवला. "माझा गो काय, मी अडाणी. पन तुला तर ठावं होतं ना? तू आलीस तवा बघितलास ना डबा?"

"बघितला."

"मंग 'हीच' म्हणालीस."

"म्हणाले."

तिनं मान हलवली. ती उठली, गडू रिकामा करून दे म्हणाली.

दहाव्याला खाडीवर आमच्याकडे बायका फारशा जात नाहीत. मी गेले. भटजींनी उरकलं, प्रविण पिंड ठेवून मागं सरकतो न सरकतो तोच कावळ्यानं झडप घातली. सगळ्यांना हायसं वाटलं. "दाजीचा काय राह्यला नव्हता," कुणीतरी म्हणालं, आणि माणसं घड्याळाकडे बघू लागली. तरी आमच्याकडे भाषणं होतात. माणूस जिवंत असताना ज्यांना दोन शब्द सुचत नाहीत त्यांना दहाव्याला वीस मिनिटं पुरत नाहीत.

सरपंच बोलले. ते आबांचं नाव दोनदा चुकले. गुणाजी उठला, "देवमाणूस" एवढं म्हणून खाली बसला. मग प्रणित डॉक्टर. ते मुद्दाम रोह्याहून आले होते, पांढरा सदरा घालून. मऊ आवाजात म्हणाले, दाजीकाका जुन्या पिढीचे होते, त्यांची पद्धत जुनी होती, पण मन मोठं होतं. पारडीच्या वेळी त्यांनी नव्या उपचाराला विरोध केला नाही, बाजूला झाले आणि विज्ञानाला वाट करून दिली. असं बाजूला होता येणं ही मोठी गोष्ट आहे. लोकांनी माना डोलावल्या. बायजाकाकीचा मोरूसुद्धा डोलावत होता.

"आणखी कुणाला बोलायचंय?" प्रविणनं विचारलं. विचारताना तो पाट उचलू लागला होता.

"मला," मी म्हणाले.

तो थांबला. "ताई, घरी बोलू ना."

"घरी नाही."

भरती येत होती, चिखलावरून पाणी आत सरकत होतं. मी डॉक्टरांकडे बघितलं, मग गुणाजीकडे, कारण तो खाली मान घालून बसला होता.

"डॉक्टर, तुमचं यंत्र पारडीच्या पायाला पहिल्या दिवशी दहा मिनिटं लागलं. त्यानंतर एकदाही नाही. ते पंचेचाळीस दिवस माळ्यावर होतं. काकींना कॉइल म्हणजे डासांची वाटली, त्यांनी ती लावली. यात त्यांचा दोष नाही. तुम्ही समजावून सांगितलं नाही आणि मी जाऊन बघितलं नाही."

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

"मला बाविसाव्या दिवशी कळलं. त्यानंतरच्या सगळ्या सह्या मी माहीत असून केल्या. गुणाजीकाका, तुमचा बैल रोह्याला गेला तो त्या सह्यांमुळे. तुम्ही ओट्यासमोर उभे होतात तेव्हा मी आत होते. मला ऐकू येत होतं."

गुणाजीनं मान वर केली नाही.

"ताई, बस," प्रविण म्हणाला.

"पाय आबांनी बसवला. एकट्यानं. त्यांना सगळं माहीत होतं, आणि माझा शब्द पडू नये म्हणून ते गप्प राहिले. अहवालात मी त्यांना बाह्य म्हणून लिहिलं. त्यांनी मला अर्थ विचारला, आणि मी तोही सांगितला."